ब्रश कटरच्या इंजिनाचे मॉडेल विमानासाठी रूपांतर

गवत आणि उभे पीक कापायच्या ब्रश कटरचे लहान पेट्रोल इंजिन सोडवून, त्यात बदल करून ते रेडिओ-नियंत्रित मॉडेल विमानाला बसवण्याची ही कारागिरी आहे. विदर्भात संत्र्याच्या बागा, धुरे आणि सोयाबीनची वावरे यांमुळे ब्रश कटर गावोगावी पोचले आहेत. त्यांचा गिअर बॉक्स किंवा दांड्यातला शाफ्ट इंजिनाच्या आधी निकामी होतो. त्यामुळे इंजिन शाबूत असलेली जुनी यंत्रे तालुक्याच्या दुरुस्ती दुकानात कोपऱ्यात पडून असतात. रूपांतराला बहुधा अशीच यंत्रे वापरली जातात.

इंजिन चालू करणे यातले सोपे काम आहे. अडचण येते ती सुट्या केलेल्या भागांमुळे. इंजिनावरून काढलेला प्रत्येक भाग काही ना काही काम करत होता. पत्र्याचे आवरण हवा सिलिंडरवर वळवत होते, जड चाक (फ्लायव्हील) फिरण्यात सातत्य ठेवत होते, फिल्टर धूळ अडवत होता. विमानात ती कामे कोण करणार हे आधी ठरवले नाही, तर इंजिन पहिल्या दोन-तीन उड्डाणांतच जाम होते.

इंजिनाची निवड

बाजारातल्या बहुतेक स्वस्त ब्रश कटरवर चिनी पद्धतीचा क्रमांक असतो आणि तो वाचता आला तर अर्धी माहिती तिथेच मिळते. '१ई४०एफ-५' म्हणजे एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, ४० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), हवेने थंड होणारे इंजिन. ३४ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) धरला तर ते ४२.७ सीसी भरते. दुकानदार त्यालाच '४३ सीसी' म्हणतो. '१ई४४एफ-५' ५२ सीसीचे, '१ई३६एफ' सुमारे ३३ सीसीचे आणि '१ई३४एफ' २५ सीसीचे असते. जपानी झेनोआची २३ ते २६ सीसीची इंजिने या कामासाठी जगभर नावाजलेली आहेत. होंडाचे जीएक्स३५ हे ३५.८ सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन कोणत्याही कोनात चालते, आवाजही कमी करते. मात्र तेवढ्याच ताकदीच्या टू-स्ट्रोकपेक्षा ते जड पडते, म्हणून पहिल्या रूपांतरासाठी टू-स्ट्रोकच घ्यावे.

जुने इंजिन घेताना सायलेन्सर उघडून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन पाहावा. उभे ओरखडे दिसले तर ते इंजिन पेट्रोलमध्ये तेल न मिसळता किंवा पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेल्या) मिश्रणावर चाललेले आहे. ते सोडून द्यावे. स्टार्टरची दोरी धरून इंजिन उचलावे. ते लटकून राहून हळूहळू, टप्प्याटप्प्याने खाली आले तर कॉम्प्रेशन ठीक आहे; सरसर खाली आले तर रिंग गेलेली आहे. क्रँकला (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याला) वर-खाली हलवून पाहावे. बेअरिंगमध्ये जाणवण्याइतका खेळ असेल तर बेअरिंग आणि ऑइल सील दोन्ही बदलावी लागतात. तो खर्च आधीच धरावा.

फिरण्याची दिशाही पाहून घ्यावी. बाजारात मिळणारा साधा प्रोपेलर (बोलीत पंखा) विमानाच्या समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. दोरी हळू ओढली की क्लचच्या बाजूने पाहताना क्रँकही तसाच फिरला पाहिजे.

सोडवणी

टाकी, हँडलचा दांडा, दोरीचा स्टार्टर, पत्र्याची आणि प्लास्टिकची आवरणे आधी काढावीत. क्लचच्या दोन पट्ट्या फ्लायव्हीलला दोन बोल्टांनी धरलेल्या असतात. हे बोल्ट आणि मधला नट सोडवताना क्रँक फिरू नये म्हणून काही जण फ्लायव्हीलच्या पात्यांत पेचकस अडकवतात आणि पाती मोडतात. त्यापेक्षा प्लग काढावा. पिस्टन वर येताना एक्झॉस्टचे भोक पूर्ण झाकले गेले की प्लगच्या भोकातून हातभर सुती दोरी आत सारावी आणि तिचे एक टोक बाहेर ठेवावे. मग क्रँक फिरवला की पिस्टन दोरीवर येऊन थांबतो आणि नट बिनधोक सुटतो. भोक झाकण्याआधीच दोरी सारली तर तिचा वेटोळा भोकात शिरून कापला जातो आणि धागे आत राहतात.

फ्लायव्हील निमुळत्या क्रँकवर घट्ट बसलेले असते. ते हातोड्याने ठोकून काढू नये. त्याने क्रँकच वाकतो आणि वाकलेला क्रँक दुरुस्त होत नाही. नट दोन आटे ठेवून परत लावावा, दोन बोल्टांच्या भोकांत पुलर (चाक ओढून काढायचे साधन) अडकवावा आणि मधला स्क्रू आवळावा. तो ताणलेला असताना स्क्रूच्या डोक्यावर एक हलकी टिचकी दिली की 'टक्' असा आवाज होऊन चाक सुटते. त्याखालची अर्धचंद्राकृती चावी जपून ठेवावी (काही इंजिनांत ती चाकालाच ओतलेली असते). ती फक्त ठिणगीची वेळ ठरवते. खरी पकड निमुळत्या भागाची असते. म्हणून परत बसवताना दोन्ही पृष्ठभाग पेट्रोलने पुसून कोरडे करावे लागतात. तिथे तेल किंवा ग्रीस राहिले तर चाक घसरते, चावी तुटते आणि इंजिन उलटे झटके मारते.

चाक ठेवायचे की काढायचे

मूळ फ्लायव्हील आणि मॅग्नेट कॉइल ठेवली तर बॅटरी लागत नाही आणि खर्च जवळपास शून्य होतो. लेथवर चाकावरची हवा ढकलणारी पाती उतरवली की वजनही कमी होते आणि हवा ढवळण्यात जाणारी ताकदही वाचते. लोहचुंबक आणि त्याच्या समोरचे समतोलाचे वजन यांना मात्र हात लावायचा नाही. कॉइल आणि चुंबक यांत ०.३ मिमी फट हवी. मध्ये व्हिजिटिंग कार्डाची पट्टी धरून, चुंबकाने कॉइल ओढून घेतल्यावर स्क्रू आवळले की ती बरोबर येते. तोटा एवढाच की हाताने पंखा मारताना झटका जोराचा द्यावा लागतो; हळू फिरवले तर ठिणगीच पडत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे चाक पूर्ण काढून हॉल सेन्सर (चुंबक जवळून गेला की इशारा देणारा भाग) आणि बॅटरीवरचे इलेक्ट्रॉनिक इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) बसवणे. हे इग्निशन कमी गतीला ठिणगी उशिरा टाकते, त्यामुळे इंजिन हाताने सहज चालू होते. पूर्ण गतीची ठिणगी पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या सुमारे २८ अंश आधी ठेवतात. ३४ मिमी स्ट्रोकच्या इंजिनात हे पिस्टनच्या अंतरात मोजले तर सुमारे अडीच मिमी येते, त्यामुळे प्लगच्या भोकातून व्हर्नियरने खोली मोजूनही खूण करता येते. विमान ६ किलोच्या आत ठेवायचे असेल तर हाच मार्ग बरा. मोठ्या, संथ विमानाला नाकात वजन लागतेच, तिथे मूळ चाक ठेवायला हरकत नाही.

हब: सगळ्यात नाजूक काम

पंखा क्रँकला जोडणारा हब तालुक्याच्या लेथवर ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमचा करून घेता येतो. टर्नरला फक्त माप सांगून भागत नाही, क्रँक किंवा सुटे फ्लायव्हीलच सोबत न्यावे. निमुळता भाग क्रँकवर निळी शाई लावून जुळवावा. किमान तीन चतुर्थांश पृष्ठभागाला शाई लागली पाहिजे. फ्लायव्हील ठेवले असेल तर क्लचच्या दोन बोल्टांवर सगळी भिस्त ठेवू नये. हब मधल्या नटावर केंद्रित व्हावा आणि बोल्टांनी फक्त ओढ घ्यावी.

हबचा चेहरा २० मिमी त्रिज्येवर ०.१ मिमी तिरपा असला तर २० इंची पंख्याच्या टोकाला तो सव्वा मिमी होतो. एवढ्यानेही मिनिटाला ६,५०० फेऱ्यांवर सगळे विमान थरथरते, सर्व्होचे (रेडिओच्या इशाऱ्याने भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) गिअर झिजतात आणि टाकीत पेट्रोलचा फेस होतो. फेस कार्बोरेटरमध्ये गेला की इंजिन मिश्रण पातळ झाल्यासारखे वागते आणि लोक विनाकारण कार्बोरेटरच्या मिश्रण ठरवणाऱ्या सुया फिरवत बसतात. डायल गेजवर ०.०५ मिमीच्या आत आल्याशिवाय हब स्वीकारू नये.

पंखा लाकडी घ्यावा (पहिला आकडा इंचांतला व्यास, दुसरा पिच, म्हणजे एका फेरीत तो जितके इंच पुढे सरकेल ते अंतर): २५-२६ सीसीला १६×८ किंवा १८×६, ४३ सीसीला २०×८, ५२ सीसीला २२×८. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्याच्या कोरड्या हवेत आकसते, म्हणून विदर्भात पंख्याचे बोल्ट प्रत्येक वेळी उडवण्याआधी तपासावे लागतात. २० इंची पंख्याचे टोक ६,५०० फेऱ्यांवर ताशी ६०० किमीहून जास्त वेगाने फिरते. पंख्याच्या रेषेत बाजूला कोणी उभे राहू नये, लहान मुले तर मुळीच नकोत. पंख्याशिवाय इंजिन कधीही चालवू नये. भार नसला की ते बेलगाम सुटते.

बसवणी आणि इंधन

इंजिन मागच्या, म्हणजे स्टार्टरच्या बाजूने विमानाच्या फायरवॉलला (नाकातल्या आडव्या भिंतीला) धरतात. स्टार्टरच्या स्क्रूंच्या भोकांवर ६ मिमी ॲल्युमिनियमची पाटी, तिच्यामागे ॲल्युमिनियमचे खांब आणि १० ते १२ मिमीची बर्च प्लाय अशी रचना पुरते. खांब इतके लांब ठेवावेत की क्रँकचे मागचे टोक कापावे लागणार नाही. प्लायवर पातळ इपॉक्सीचे दोन हात द्यावेत, नाहीतर पेट्रोलमिश्रित तेल थरांत मुरते आणि प्लाय सुटते. बोल्टांना थ्रेड-लॉक लावावे. सायलेन्सरच्या बोल्टांवर ते उष्णतेने जळून जाते, तिथे दातेरी धातूचे वॉशर लागतात. रूपांतरित इंजिनात सगळ्यात आधी ढिले होणारे बोल्ट हेच.

डायफ्रॅम (लवचीक पडदा) असलेला कार्बोरेटर स्वतः पेट्रोल ओढून घेतो, त्यामुळे टाकी विमानाच्या गुरुत्वमध्याजवळ ठेवता येते आणि ती रिकामी होताना तोल बदलत नाही. त्याचा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या हेलकाव्यावर चालतो आणि तो हेलकावा पॅकिंगमधल्या बारीक भोकातून येतो. पॅकिंग उलटे बसले तर भोक झाकले जाते, इंजिन दोन-चार ठिणग्या घेऊन बंद पडते आणि दोष प्लगवर जातो. सिलिंडर आणि कार्बोरेटर यांमधला काळा ठोकळा उष्णता अडवतो. त्याच्या जागी ॲल्युमिनियमचा तुकडा लावला तर उन्हाळ्यात कार्बोरेटरमध्येच पेट्रोल उकळते.

नळी पेट्रोल सोसणारी हवी. ग्लो इंजिनाची (मेथॅनॉलवर चालणाऱ्या छोट्या मॉडेल इंजिनाची) सिलिकॉनची नळी पेट्रोलमध्ये फुगून सुटते. पहिल्या दोन-तीन लिटरला प्रत्येक लिटरमागे ४० मिली टू-टी तेल घालावे, पुढे चांगले तेल असेल तर २५ मिलीवर यावे. थ्रॉटलच्या सर्व्होला नायलॉनची काडी जोडावी. धातूवर धातू घासला की रिसीव्हरला त्रास होतो. प्लगचे टोपण रेझिस्टरचे घ्यावे आणि रिसीव्हर इग्निशनपासून किमान ३० सेंमी दूर ठेवावा. मूळ कॉइलची काळी वायर इंजिनाच्या धातूला (अर्थला) टेकवली की इंजिन बंद होते. ती बाहेरून हाताला लागेल अशा बटणावर आणावी आणि सिग्नल तुटला की थ्रॉटल पूर्ण बंद होईल असे फेलसेफ लावावे.

ऊन, धूळ आणि मिश्रण

चंद्रपूर, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. १५ अंशांच्या हिवाळी सकाळपेक्षा त्या हवेची घनता जवळपास एक दशांशाने कमी असते, म्हणजे इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. उलट, उन्हाळ्यात लावलेली सुई डिसेंबरच्या सकाळी पातळ ठरते. त्याच सुईवर उडवले की पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने ओरबाडला जातो. म्हणून हंगाम बदलला की जुळवणी नव्याने करावी.

दोन सुयांचा कार्बोरेटर असेल तर एल सुई (कमी गतीची) सव्वा आणि एच सुई (पूर्ण गतीची) दीड फेरा उघडून सुरुवात करावी. इंजिन तापल्यावर पूर्ण थ्रॉटलला एच सुई हळूहळू बंद करत फेऱ्या सर्वाधिक होतात तिथे यावे, मग सुमारे २०० फेऱ्या उतरेपर्यंत ती परत उघडावी. विमानाचे नाक वर धरून पाहावे. आवाज चिरका होऊन फेऱ्या घसरल्या तर सुई आणखी उघडावी लागते. उघड्या सुईवर थोडा धूर आणि भुरभुर होते, पण त्याने इंजिन मरत नाही.

काऊलिंग (इंजिनावरचे झाकण) लावले तर हवेला आत येण्याचे तोंड सिलिंडरसमोर ठेवावे आणि बाहेर पडायची वाट त्याच्या दुप्पट-तिप्पट करावी. मधल्या रिकाम्या जागा पातळ प्लायने बंद केल्या नाहीत तर हवा सिलिंडरला वळसा घालून निघून जाते.

काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. फिल्टर न लावता इंजिन जमिनीवर चालवले की ती थेट रिंगांपर्यंत पोचते. कार्बोरेटरच्या तोंडावर तेलात भिजवून पिळलेल्या फोमचा पातळ तुकडा ठेवावा आणि इंजिन चालवायच्या जागेवर पाण्याचा सडा मारावा. उडवायला सोयाबीन निघाल्यानंतरचे सपाट वावर किंवा मुरमाड बरड बरे. पऱ्हाटी (कपाशी) उभी असलेल्या वावरात विमान उतरले तर पंखा जातोच, आणि भेगाळलेल्या काळ्या जमिनीत चाके अडकतात.

उडवण्याआधी विमानाची शेपटी ताणकाट्याला बांधून पूर्ण थ्रॉटलवर ओढ मोजावी. साध्या हाय-विंग (पंख धडाच्या वर असलेल्या) विमानाला ती वजनाच्या दोन तृतीयांश असली तरी पुरते. २६ सीसीवर ५ ते ७ किलोचे आणि ४३ सीसीवर ८ ते १० किलोचे विमान चांगले उडते.

नियम

ड्रोन नियम २०२१ नुसार २५ किलोपर्यंतचे, शिक्षण, संशोधन किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेले यान 'मॉडेल' वर्गात येते आणि त्याला प्रकार प्रमाणपत्र (यानाच्या रचनेला मिळणारे सरकारी प्रमाणपत्र) लागत नाही. क्षेत्राचे बंधन मात्र लागू राहते. सरकारी नकाशावरच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येते, चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. नागपूर विमानतळ, पुलगावचे दारूगोळा कोठार, भद्रावतीची आयुध निर्माणी यांच्या आसपासच्या गावांनी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय विमान बाहेर काढू नये.

साठवण

इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलावा धरते आणि डायफ्रॅम कडक करते. दिवस संपला की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. पावसाळाभर ठेवायचे असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी तेल सोडून क्रँक दोन-चार वेळा हाताने फिरवावा आणि कार्बोरेटरचे तोंड फडक्याने बांधावे. गांधीलमाशा त्यात मातीचे घर करतात.