बॅकअप कोठे ठेवावा : घरात की ऑनलाइन?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील अनेक मराठी घरांत जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे आणि जमिनीचे उतारे सांभाळून ठेवलेले आहेत. त्यांतील काही १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीचे, म्हणजे हा भाग मुंबई राज्यात असतानाचे, मराठीत आणि क्वचित मोडीत लिहिलेले आहेत. असे कागद स्कॅन करून संगणकात ठेवणे शहाणपणाचेच आहे; परंतु मूळ कागद जीर्ण झाल्यावर ती फाइल हाच एकमेव आधार उरतो, आणि मग तिचा बॅकअप घरातल्या हार्ड डिस्कवर ठेवावा की ऑनलाइन, हा प्रश्न खऱ्या अर्थाने महत्त्वाचा होतो.

त्याचे उत्तर संभाव्यतेच्या एका साध्या नियमात आहे. समजा, एखादी हार्ड डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता ५० मध्ये १ आहे. मग माहिती अशा दोन डिस्कवर ठेवल्यास दोन्ही त्याच वर्षात बिघडण्याची शक्यता २५०० मध्ये १ इतकी खाली येते. मात्र हा गुणाकार दोन्ही बिघाडांची कारणे परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच खरा ठरतो. संगणक आणि त्याला कायम जोडून ठेवलेली बाहेरची डिस्क यांची कारणे स्वतंत्र नसतात. वळवाच्या पावसात वीज कोसळून तारांतून आलेला जादा दाब दोन्ही जाळू शकतो, चोर दोन्ही उचलून नेतो, आणि मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्रायसारखा खंडणीखोर प्रोग्रॅम जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतो. म्हणून बॅकअप पूर्ण होताच डिस्क काढून ठेवणे ही सवय मी सर्वांत महत्त्वाची मानतो.

घरच्या डिस्कचा मोठा गुण म्हणजे वेग. सेकंदाला १०० मेगाबाइट लिहिणाऱ्या डिस्कवर ५०० गिगाबाइट माहिती दीड तासाच्या आत उतरते. तीच माहिती सेकंदाला १० मेगाबिट (८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट) अपलोड वेग असलेल्या जोडणीवरून पाठवण्यास ४ लाख सेकंद, म्हणजे साडेचार दिवसांहून अधिक काळ लागतो. शिवाय मध्येच वीज गेली की काम थांबते. येथे डाउनलोडचा नव्हे, अपलोडचा वेग पाहावा लागतो, कारण अनेक जोडण्यांत तो बराच कमी असतो. अर्थात हा त्रास पहिल्या वेळेचाच आहे. पुढे केवळ बदललेला भाग जातो.

डिस्क कोणती, हेही पाहावे. पेनड्राइव्ह आणि एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) यांत माहिती सूक्ष्म कप्प्यांत अडकवलेल्या विद्युतभाराच्या रूपात असते, आणि वापराविना पडून राहिल्यास तो भार हळूहळू गळतो. कपाटात ठेवण्यासाठी चुंबकीय हार्ड डिस्क अधिक भरवशाची. खानापूरकडच्या पावसाळी दमटपणात ती सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी.

दुसरी प्रत नातेवाइकांकडे ठेवण्याचा मार्गही उत्तम आहे, पण गाव विचारपूर्वक निवडावे लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापूर आणि कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा यांच्या पुराने बेळगाव जिल्हा एकाच सुमारास संकटात सापडला. नदीकाठच्या घरातील प्रत दुसऱ्या नदीकाठच्या घरी ठेवली, तर अंतर वाढते, पण दोन्ही नद्यांना पूर आणणारा पाऊस सह्याद्रीच्या त्याच रांगेवर पडतो.

ऑनलाइन बॅकअप या संकटांपासून दूर असतो, तरी त्याला स्वतःचे धोके आहेत. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि ज्यांची माहिती अन्यत्र नव्हती, अशा काही ग्राहकांनी ती कायमची गमावली. त्याहून नेहमीचा धोका म्हणजे समक्रमण करणाऱ्या, म्हणजे संगणकातील प्रत्येक बदल आपोआप ऑनलाइन उतरवणाऱ्या ड्राइव्हलाच बॅकअप समजणे. अशा ड्राइव्हमध्ये संगणकावरून पुसलेली फाइल तिकडूनही जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवसच राहते. जुन्या आवृत्त्या पुरेसा काळ जपणारी सेवाच निवडावी. जमिनीचे कागद पाठवण्यापूर्वी सांकेतिक कुलूप (एन्क्रिप्शन) लावावे, आणि त्याचा पासवर्ड कागदावर लिहून घरात सुरक्षित ठेवावा, कारण तो हरवल्यास फाइल कोणालाही उघडता येत नाही.

माझ्या मते कागदपत्रे आणि निवडक छायाचित्रे ऑनलाइनही ठेवावीत, कारण ती थोड्या जागेत मावतात. लग्नसमारंभांचे व्हिडिओ मात्र दोन डिस्कवर, दोन घरांत ठेवणे परवडते. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूर असेल, तर त्या फाँटांच्या फाइलीही सोबत जपाव्यात, नाही तर फाइल शाबूत राहूनही अक्षरे वाचता येणार नाहीत. शेवटी, वर्षातून एकदा तरी दुसऱ्या संगणकावर दोन्ही प्रतींतून काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, आणि त्यांत सर्वांत जुना उतारा अवश्य असावा.