ग्रँड कॅन्यन कॅव्हर्न्स

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील रखरखीत पठारावर, पीच स्प्रिंग्ज गावाच्या पूर्वेस, जुन्या ‘रूट ६६’ महामार्गालगतची चुनखडकातील गुहा. नावात ग्रँड कॅन्यन असले, तरी दरीचा पर्यटकांना परिचित असा दक्षिण काठ इथून रस्त्याने जवळजवळ २०० किमी. लांब आहे. यांपाई, कोकोनिनो, डायनोसॉर अशी नावे घेत घेत १९६२ मध्ये गुहेने हे नाव धारण केले. डायनोसॉरचा या गुहेशी काडीचाही संबंध नव्हता. महामार्गावरची गाडी थांबावी, एवढाच त्या नावाचा हेतू.

गुहेचा शोध १९२७ चा. वॉल्टर पेक नावाचा लाकूडतोड्या पत्ते खेळायला निघाला असता वाटेतल्या एका विवरात पडता पडता वाचला. दुसऱ्या दिवशी दोर आणि कंदील घेऊन तो साथीदारांसह परतला. उजेडात खालच्या भिंती चकाकल्या, तसे त्याला सोने सापडल्यासारखे वाटले आणि त्याने ती जमीन विकत घेतली. तपासणीअंती निघाले लोहाचे गंज. पेकने मग गुहेचाच धंदा मांडला. २५ सेंट द्यायचे, कमरेला दोर बांधून घ्यायचा, हातात कंदील धरायचा आणि हातरहाटाने सुमारे ४५ मी. खाली उतरायचे. आत मानवी सांगाडे होते, त्यामुळे ‘गुहामानव’ पाहायला गर्दी होऊ लागली. प्रत्यक्षात ते १९१७-१८ च्या हिवाळ्यात फ्लूच्या साथीत दगावलेल्या हुआलापाई आदिवासींचे अवशेष होते. बर्फामुळे जमीन खणता न आल्याने त्यांना तिथे पुरले होते.

१९३० च्या दशकात सरकारी रोजगार योजनेतील मजुरांनी आत उतरण्याची नीट सोय केली. १९६२ मध्ये खडक फोडून २१ मजले खोल जाणारी लिफ्ट बसवली गेली आणि हुआलापाई लोकांच्या भावनेचा मान राखून मूळ तोंड बुजवण्यात आले. क्यूबा क्षेपणास्त्र संकटाच्या काळात, अणुयुद्धाच्या भीतीने, इथे २,००० माणसांना दोन आठवडे पुरेल एवढे अन्नपाणी साठवले होते. ते डबे आजही जागच्या जागी दाखवले जातात.

ही कोरडी गुहा आहे. पाणी झिरपत नसल्याने लवणस्तंभांची वाढ थांबलेली आहे, म्हणून सौंदर्यापेक्षा किस्से आणि वस्तू यांवरच तिचा डोलारा उभा आहे. कोरड्या हवेत टिकून राहिलेली रानमांजराची ममी त्यांपैकीच एक. हिमयुगातील महाकाय स्लॉथ या सस्तन प्राण्याची हाडेही इथे सापडली. त्या प्राण्याची पूर्णाकृती प्रतिकृती मार्गावर उभी केली आहे.

१९७८ मध्ये इंटरस्टेट ४० या नव्या महामार्गाने जुन्या रस्त्यावरच्या सेलिगमन गावाला वळसा घातला आणि जुन्या रस्त्यावरची वाहतूक आटली. पेट्रोलपंप आणि खानावळी ओस पडल्या. १९८७ मध्ये सेलिगमनचे न्हावी एंजेल डेलगाडिलो आणि स्थानिक व्यावसायिकांच्या प्रयत्नांतून ॲरिझोनाने ‘ऐतिहासिक रूट ६६’ला मान्यता दिली. तेव्हापासून या रस्त्यासाठीच येणारे हौशी प्रवासी गुहेचेही गिऱ्हाईक झाले. पुढे गुहेच्या तळाशीच मुक्कामाची खोली थाटण्यात आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये लिफ्ट बंद पडून पाच पर्यटक खाली अडकले. जिना होता, पण एवढे मजले चढणे त्यांतल्या काहींना शक्य नव्हते. त्यांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढण्यात आले.