अरांडा कथांचा पत्रव्यवहार आणि १९१० मधील एक नकार

मध्य ऑस्ट्रेलियातील अरांडा लोकांच्या दैवतकथा व विधी यांवर युरोपात जे सिद्धान्त रचले गेले, ते बहुतांशी टपालाने आलेल्या माहितीवर उभे होते. दूरदेशीच्या मिशनऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना छापील प्रश्नावल्या पाठवण्याची पद्धत त्याआधीच रुळली होती; केंब्रिजच्या ज्या अभ्यासकाभोवती पुढचा वाद फिरला, त्याने आपली प्रश्नावली १८८७ मध्ये काढली होती.

१८९४ च्या एका वैज्ञानिक मोहिमेत मेलबर्नमधील जीवशास्त्राच्या प्राध्यापकाची ॲलिस स्प्रिंग्जच्या तारकचेरीतील प्रमुखाशी ओळख झाली. हा प्रमुख तिथला दंडाधिकारी आणि मूळ रहिवाशांचा उपसंरक्षकही होता. १८९६-९७ मध्ये तारकचेरीजवळ महिनोन्‌महिने चाललेला दीक्षाविधी दोघांनी पाहिला आणि १८९९ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. त्याची मुद्रिते केंब्रिजच्या अभ्यासकाने वाचली होती. ज्या पुराव्यावर त्याला टोटेमविषयक, म्हणजे कुळाने आपले मानलेल्या प्राणी-वनस्पतींविषयीचा, सिद्धान्त उभारायचा होता, तो पुरावा छापला जातानाच त्याच्या नजरेखालून गेला होता, हे विसरता येत नाही.

दुसरा पत्रव्यवहार हर्मान्सबर्गच्या ल्युथेरन मिशनमधून जर्मनीत जात होता. तिथला पाद्री १८९४ पासून अरांडांमध्ये राहत होता आणि त्यांची भाषा अस्खलित बोलत होता. १९०१ पासून फ्रँकफुर्टजवळचा एक अभ्यासक त्याला प्रश्न विचारी, उत्तरांवर उलट शंका काढी, आणि पाद्री वृद्धांकडे जाऊन पुन्हा पडताळा घेई. मूळ अरांडा संहिता व ओळीखाली जर्मन अर्थ अशा रूपात हे साहित्य १९०७ ते १९२० या काळात खंडशः प्रसिद्ध झाले. त्यात ‘अल्टजिरा’ हे आकाशस्थ श्रेष्ठ पुरुषाचे नाव म्हणून आले, तर आधीच्या ग्रंथात त्याच्याशी जोडलेला शब्द पूर्वजांच्या काळासाठी वापरला होता. अरांडांत जादू आहे, पण देवकल्पना नाही, असे मानणाऱ्या केंब्रिजच्या अभ्यासकाच्या विरोधकांना आयतेच हत्यार मिळाले.

मेलबर्नहून केंब्रिजला पत्रे गेली: पाद्र्याचे माहितगार मिशनच्या छायेतले आहेत, आणि स्वतः त्याने विधी पाहिलेले नाहीत. दुसरा आक्षेप खरा होता. पाद्री या नात्याने तो विधींना जात नसे. केंब्रिजच्या अभ्यासकाने १९१० च्या टोटेमविषयक ग्रंथात ही माहिती वापरणार नसल्याचे जाहीर केले. तिच्यात मिसळलेला परका गाळ निवळून काढणे प्रत्यक्ष अनुभव नसलेल्या आपल्याला शक्य नाही, असे कारण दिले. मात्र हाच अनुभव नसताना दुसऱ्या पक्षाची माहिती त्याने विश्वासाने घेतली होती, आणि ती पुरवणाऱ्या प्राध्यापकाला अरांडा भाषा बोलता येत नव्हती. इंग्रजीत न आलेला जर्मन ग्रंथ या नकारानंतर इंग्रजी वाचकांपासून आणखीच दूर राहिला.

तारकचेरीतून मेलबर्नला गेलेली पत्रे १९९७ मध्ये छापली गेली. पाद्र्याने १९०९ च्या सुमारास सिद्ध केलेला अरांडा, लोरित्जा (शेजारच्या लोकांची भाषा) आणि जर्मन शब्दकोश मात्र हस्तलिखितातच पडून राहिला आणि २०१८ मध्ये, इंग्रजी अर्थांची भर घालून, प्रकाशित झाला.