गवत उपटलं आणि माती उडून गेली

अमेरिकेच्या मधल्या मैदानात, म्हणजे पश्चिम कॅन्सस, कोलोराडोचा आग्नेय कोपरा, ओक्लाहोमा आणि टेक्सासचं वरचं टोक, इथे वारा कायमचाच आणि दुष्काळही काही नवा नव्हता. तरी १९३० च्या दशकात तिथली शेतंच्या शेतं उडून गेली, कारण माती धरून ठेवणारं गवतच राहिलं नव्हतं. याच भागाला मग ‘डस्ट बोल’, म्हणजे धुळीचा पट्टा, म्हणू लागले.

हे बफेलो ग्रास दिसायला अगदी खुरटं, पण खाली मुळांचं असं दाट जाळं की वर सगळं वाळलं तरी माती जागची हलत नाही. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, मग ट्रॅक्टर आले आणि लाखो एकर गवत नांगराखाली गेलं. १९२९ नंतर मंदीत भाव पडले तर लोकांनी अजूनच जमीन नांगरली, भाव निम्मा तर पीक दुप्पट काढू म्हणून, आणि मला यात त्यांचा मूर्खपणा दिसत नाही, कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला कुठलाही शेतकरी हेच करेल. त्यात पाऊस गेला, गहू करपला आणि जमीन उघडी पडली.

आता माती उडते कशी, तर आपल्याला वाटतं वारा सरळ धूळ उचलतो, पण तसं होत नाही. एकदम बारीक कण एकमेकांना चिकटून बसलेले असतात. आधी हलतात ते मधले, साधारण ०.१ ते ०.५ मिलिमीटरचे वाळूचे कण, ते टुणटुण उड्या मारतात आणि खाली पडताना कॅरमच्या स्ट्रायकरसारखे बारीक कणांना ठोकून वर उडवतात. ते बारीक कण मग किलोमीटरभर उंच जातात आणि लवकर खाली येतच नाहीत. वाईट हे की मातीचा कस याच बारीक कणांत जास्त असतो, म्हणजे चांगली माती आधी जाते आणि मागे वाळू उरते. मे १९३४ च्या वादळात ही धूळ न्यूयॉर्क, वॉशिंग्टन ओलांडून थेट अटलांटिकमधल्या जहाजांवर पडली.

कोरडे कण एकमेकांवर घासून वीजही तयार व्हायची, इतकी की गाड्या बंद पडायच्या, म्हणून लोक गाडीमागे जमिनीला घासत जाणारी साखळी बांधायचे. घरात खिडक्यांना ओल्या चादरी, ताटं वाढेपर्यंत पालथी, आणि तरीही धूळ फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया व्हायचा, त्यात लहान मुलं गेली. १४ एप्रिल १९३५ च्या काळ्या रविवारी तर भर दुपारी समोरचा हात दिसेना.

पाऊस का गेला याचं उत्तर बरंचसं समुद्रात आहे. नासाच्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवलं की तेव्हा पॅसिफिक थोडा थंड आणि अटलांटिक थोडा गरम होता, त्यामुळे मेक्सिकोच्या आखातातून बाष्प आणणारा वारा कमजोर पडला. शिवाय हवेतल्या धुळीने ऊन अडवून पाऊस आणखी कमी केला असंही नंतरच्या अभ्यासात दिसलं.

१९४० पर्यंत मैदानी राज्यांमधून साधारण २५ लाख लोक बाहेर पडले, त्यातले सुमारे २ लाख कॅलिफोर्नियात. तिथे त्यांना ‘ओकी’, म्हणजे ओक्लाहोमावाले, म्हणून हिणवलं, १९३६ मध्ये तर लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी राज्याच्या सीमेवरूनच माणसं परत पाठवली, स्वतःच्याच देशातली माणसं! पण यातले बरेच जण धुळीच्या पट्ट्यातले नव्हतेच, पूर्व ओक्लाहोमात कुळाने कापूस पिकवणारे होते. कापूस कमी लावा म्हणून सरकारने पैसे दिले, ते कित्येक मालकांनीच ठेवले, ट्रॅक्टर घेतला आणि कुळांना काढलं.

खुद्द धुळीच्या पट्ट्यातली बहुतेक कुटुंबं राहिली. काळ्या रविवारनंतर १३ दिवसांत मृदसंधारणाचा कायदा झाला, मृदातज्ज्ञ ह्यू बेनेट यांच्या खात्याने उताराला आडवी नांगरणी, पट्टापेर (वेगवेगळी पिकं आलटून पालटून पट्ट्यांत लावणं) शिकवली, वारा अडवायला झाडांच्या रांगा लागल्या, १९३९ च्या सुमारास पाऊस परतला. सरकारने विकत घेतलेल्या काही जमिनीवर गवत परत लावलं, कॅन्ससमधलं सिमरॉन आणि कोलोराडोतलं कोमान्ची ही राष्ट्रीय गवताळ राखीव रानं त्याच जमिनीवर आहेत.