स्पीकर खातो किती, देतो किती

एकपडदा थिएटरं बंद पडायला लागल्यापासून पडद्यामागचे ते मोठाले स्पीकर बाजारात उतरू लागले आहेत. चोरबाजार, लॅमिंग्टन रोड आणि तिथून एखाद्या चाकरमान्याच्या टेम्पोतून थेट कोकणात. मध्यंतरी कुडाळात असाच एक जोड विकायला होता. बघायला आलेल्या पोराने खोक्याभोवती फेरी मारली आणि ठरलेला प्रश्न टाकला, "किती वॅटचो?" विकणारा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "तीस." पोरगा हसला. "आमच्या स्पीकरार पाच हजार लिवलला आसा, काकानू," म्हणाला आणि स्कूटरला किक मारून गेला.

ते पाच हजार म्हणजे 'पीएमपीओ', पीक म्युझिक पॉवर आउटपुट. या मोजमापाला ठरलेलं कोणतंही मानक नाही, त्यामुळे छापणाऱ्याच्या हिमतीला मर्यादा नाही. खोका उलटा करून मागची पट्टी वाचली, तर विजेचा वापर 25-30 वॅट असा कुठेतरी बारीक अक्षरात सापडतो. भिंतीतून 30 वॅट घेऊन हवेत पाच हजार सोडणारं यंत्र कुणी खरंच बनवलं असतं, तर महावितरणला दुकान बंद करावं लागलं असतं.

पण पीएमपीओ बाजूला ठेवून खरेखुरे वॅट घेतले तरी प्रश्न चुकीचाच राहतो. स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो न जळता किती वीज सोसतो, एवढंच. त्यातून आवाज किती निघेल, हे सांगणारा आकडा वेगळा आहे. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. स्पीकरला 1 वॅट द्यायचा, 1 मीटरवर माइक धरायचा आणि किती डेसिबल भरतात ते बघायचं. आजच्या बहुतेक घरगुती लहान स्पीकरचा आकडा 84 ते 88 च्या दरम्यान असतो. जुन्या थिएटरच्या स्पीकरचा शंभरच्या आसपास.

फरक पंधराचा दिसतो, पण डेसिबलचं गणित बेरजेचं नसून गुणाकाराचं आहे. 3 डेसिबल वाढवायचे तर वीज दुप्पट लागते, 10 वाढवायचे तर दसपट. म्हणजे 86 डेसिबलच्या स्पीकरला जिथे 100 वॅट लागतात, तिथे 96 वाल्याला 10 पुरतात आणि 106 वाल्याला 1. कुडाळचा 'तीस' त्या पोराच्या गणपतीतल्या सगळ्या स्पीकरना पुरून उरला असता.

आता जरा धक्का देणारी गोष्ट. स्पीकरने सगळ्या विजेचा आवाज केला आणि तो पुढच्या अर्ध्या गोलात सारखा पसरला, तर 1 वॅटला 112 डेसिबल भरतील. तिथून उलटं मोजत आलं की 102 म्हणजे 10 टक्के आणि 92 म्हणजे 1 टक्का. तुमच्या दिवाणखान्यातला 86 वाला स्पीकर पाव टक्का कार्यक्षम आहे. शंभर रुपयांतले चार आणे संगीतावर, बाकीचे नव्याण्णव रुपये बारा आणे कॉइल, म्हणजे कोन हलवणारं तांब्याच्या तारेचं वेटोळं, तापवण्यात.

हे असं का होतं, यातच या विषयाची सगळी गंमत आहे.

होडी वल्हवताना वल्हं पाण्यात न बुडता वरच्यावर हवेतच फिरलं तर काय होतं? हात दुखतात, होडी हलत नाही. सगळी ताकद वल्ह्यालाच पुढे-मागे करण्यात जाते. स्पीकरचा कागदी कोन आयुष्यभर हवेत वल्हं मारत असतो. कोन जड, हवा हलकी. कॉइलने लावलेला जोर कोनाचं स्वतःचं वजन ढकलण्यात आणि थांबवण्यात संपतो. त्यात खर्जाच्या सुरांची आणखी एक अडचण असते. 50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 50 कंपनांच्या, सुराची लहर जवळपास 7 मीटर लांब असते आणि कोन असतो वीतभर. कोन पुढे आला की त्याच्यासमोरची हवा दाबली जाण्याऐवजी बाजूने सटकते. कोन मागे गेला की तीच हवा परत आत येते. हवेने घेतलेली ऊर्जा प्रत्येक फेरीत कोनाला परत केली, दूर काहीच गेलं नाही. भौतिकीच्या भाषेत इथे हवेचा प्रतिसाद वस्तुमानासारखा आहे, रोधासारखा नाही. ऊर्जा कायमची निघून जायची असेल तर दाब आणि वेग एकाच वेळी चढायला हवेत. इथे ते एकमेकांना चुकवत राहतात.

उपाय दोन. एक, कोन हलका आणि मोठा करायचा, चुंबक दांडगं लावायचं. कार्यक्षमतेच्या सूत्रात कोनाचं वजन वर्गात आणि भागाकारात येतं, म्हणून वजन निम्मं केलं की कार्यक्षमता चौपट होते. जुने 15 इंची वूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, हातात घेतले की हे कळतं. चुंबक उचलताना कंबर सांभाळावी लागते आणि कोन मात्र पापडासारखा. दुसरा उपाय म्हणजे भोंगा, आणि तो मला जास्त आवडतो.

भोंगा आवाज 'वाढवतो' असं सगळे म्हणतात. भोंगा काहीही वाढवत नाही, त्याच्यात वीज नाही की बॅटरी नाही. तो फक्त हवेला बाजूने सटकू देत नाही. अरुंद गळ्याशी पडदा हलतो तेव्हा समोरची हवा नळीत अडकलेली असते. तिला दाबलं जाण्यावाचून इलाज नाही. हा दाब पुढे जाताना नळी हळूहळू रुंदावते, लहर थोडी थोडी मोठी होते आणि तोंडाशी पोचेपर्यंत इतकी मोठी झालेली असते की बाहेरच्या मोकळ्या हवेत शिरताना तिला फरक जाणवत नाही. नळी एकदम रुंद झाली असती तर लहर तिथूनच मागे फिरली असती. वल्ह्याला पाणी मिळालं ते या हळूहळूमुळे.

'हळूहळू' म्हणजे किती, याचंही गणित आहे. ठराविक अंतराला क्षेत्रफळ दुप्पट होत जाणारा भोंगा घ्या. खाली 300 हर्ट्झपर्यंतचे सूर हवे असतील तर दर सहा-साडेसहा सेंटिमीटरला दुप्पट केलं तरी चालतं, आणि तोंडाचा घेर एका लहरीएवढा, म्हणजे व्यास साधारण 36 सेंटिमीटर लागतो. देवळावरचा भोंगा साधारण तेवढाच असतो. जत्रेतला आवाज किरकिरा का आणि पखवाजाची धुम त्यातून गायब का, याचं उत्तर त्या तोंडाच्या मापात आहे. 50 हर्ट्झपर्यंत उतरायचं तर दर 38 सेंटिमीटरला दुप्पट आणि तोंडाचा व्यास सव्वादोन मीटर. ठरलेल्या सुराच्या खाली भोंगा नुसता कमी काम करतो असं नाही. तो असून नसल्यासारखा होतो, दाब आणि वेग पुन्हा एकमेकांना चुकवायला लागतात.

सव्वादोन मीटरचा भोंगा घरात आणणार कसा? पॉल क्लिप्श या अमेरिकन इंजिनिअरने दोन युक्त्या केल्या. भोंग्याला घड्या घातल्या, आणि खोका खोलीच्या कोपऱ्यात ठेवला. दोन भिंती आणि जमीन मिळून भोंग्याचा शेवटचा भाग होतात, त्यामुळे तोंडाचं क्षेत्रफळ एक अष्टमांश पुरतं. 1946 पासून बनत आलेल्या या क्लिप्शहॉर्नचा कंपनीने दिलेला आकडा 105 डेसिबल आहे. घड्या चालतात, कारण नळीच्या रुंदीपेक्षा लहर पुष्कळ लांब असेल तर वळण तिला जाणवतच नाही. शंखाची वेटोळी नळी याच कारणाने चालते. ओठांची बारीकशी थरथर आणि देवळाबाहेरची अफाट हवा यांची गाठ घालून देणारा तो घडीचा भोंगाच आहे.

शंखाचा विषय निघालाच आहे तर. त्यात समुद्र ऐकू येत नाही, आजूबाजूचा गोंगाट त्या पोकळीत घुमून येतो. एकदम शांत खोलीत समुद्रही गप्प होतो. आणि शंखनादाने हवेतले जंतू मरतात हा निरोप दर श्रावणात फिरतो, त्याला एक आकडा पुरेसा आहे. 100 डेसिबलचा आवाज एका चौरस मीटरवर 0.01 वॅट ऊर्जा आणतो. दुपारचं ऊन आणतं साधारण 1000, म्हणजे एक लाख पट. जंतूंनी घाबरायचं तर उन्हाला घाबरावं.

थिएटरचे ते जुने स्पीकर असे बनले ते नाइलाजाने. 1925 साली राइस आणि केलॉग यांनी आजच्या कोनच्या स्पीकरचा पाया घातला, पुढच्याच वर्षी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा 555 हा भोंग्याच्या गळ्याशी बसणारा घटक बोलपटांसाठी आला. 1932 साली मराठी चित्रपट बोलू लागला, तोवर जगभरच्या थिएटरांत भोंगे बसले होते. त्या काळी वीज वाढवणं महाग होतं. 300-बी सारख्या एका व्हॉल्व्हमधून, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमधल्या काचेच्या नळीतून, जेमतेम 8 वॅट निघत, आणि तेवढ्यात हजार माणसांचं थिएटर भरायचं असे. मग वॅट स्वस्त होत गेले आणि स्पीकरला आळशी व्हायची मुभा मिळाली. 1954 साली एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद खोक्याचा लहानसा एआर-1 आणला, खर्ज उत्तम पण भूक मोठी. लोकांना दिवाणखान्यात कपाट नको होतं, स्पीकर हवा होता. तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही.

स्पीकर बनवणाऱ्या केएलएच कंपनीतल्या 'एच'चे धनी, हॉफमन, यांनी ही ओढाताण एका नियमात बांधली. लहान खोका, खोल खर्ज आणि मोठी सेन्सिटिव्हिटी, तिन्हींतले दोनच मिळतात. कार्यक्षमता खोक्याच्या आकारमानाच्या आणि खालच्या सुराच्या घनाच्या प्रमाणात जाते. वीस लिटरच्या खोक्याला 88 डेसिबल मिळत असतील, तर तोच खर्ज ठेवून 98 मिळवायला 200 लिटरचा खोका हवा. 'छोटा, खोल खर्जाचा आणि कमी वॅटवर दणदणीत' असं कुणी विकत असेल तर तिन्हींपैकी एक गोष्ट खोटी आहे, एवढं समजून चालावं.

कोकणातल्या घरात याचा हिशेब कसा बसतो? पावसापासून सुरू करू. पत्र्यावर सर आली की शेजारच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागतो. तो गोंगाट 65 डेसिबल धरा. गाणं त्याच्यावर वीस डेसिबल हवं, आणि तबल्याची थाप सरासरीच्या वर सहज पंधरा जाते. म्हणजे बसल्या जागी 100. तीन मीटर अंतराची घट आणि दोन स्पीकरची भर धरली तर प्रत्येकाने 1 मीटरवर 103 द्यायला हवेत. 86 वाल्याला त्यासाठी 50 वॅट लागतात, 98 वाल्याला तीनच. तीन वॅट इन्व्हर्टरलाही कळत नाहीत, आणि वादळात लाइट गेल्यावर इथे इन्व्हर्टरच्या भरवशावर किती तास काढावे लागतात ते मी सांगायला नको.

तापण्याचा मुद्दा अधिक नाजूक आहे. तांब्याचा रोध दर अंशाला 0.39 टक्क्याने वाढतो. कॉइल दीडशे अंशांनी तापली की रोध दीडपटीच्या वर जातो आणि स्पीकर तेवढी वीज कमी ओढतो. जोराची थाप तिथे चेपली जाते. तीन वॅटवर चालणारी कॉइल कोमटसुद्धा होत नाही. जुन्या थिएटर स्पीकरवर पखवाज 'खरा' वाटतो त्याचं मोठं कारण हे आहे, लाकडात मुरलेला काळ वगैरे नाही. चांदीच्या वायरी आणि वायर जमिनीला टेकू नये म्हणून विकले जाणारे लाकडी ठोकळे यांच्याबद्दल बोलून जागा घालवत नाही.

कौलारू घर खर्जाला मात्र उदार नाही. काँक्रीटच्या बंद खोलीत खर्ज कोंडून राहतो आणि स्पीकरला फुकटची मदत मिळते. इथे तो कौलांच्या फटींतून अंगणात जातो. म्हणून लहान स्पीकर शहरात भरीव वाटतो आणि गावी पोकळ. उलट चिऱ्याची जाड भिंत ही कोपऱ्यातल्या भोंग्यासाठी मिळणारी सर्वांत चांगली भिंत, फक्त माजघराच्या दोन्ही कोपऱ्यांत दारं नसतील तर.

घ्यायला गेलात तर वॅट विचारू नका. दोन्ही हातांची बोटं कोनाच्या मध्याभोवती पसरून हलकेच आत दाबा आणि कान जवळ न्या. खर्रखर्र आली तर कॉइल घासते आहे किंवा चुंबकाच्या फटीत गंज शिरला आहे. खारी हवा तिथे आधी पोचते. मल्टिमीटर लावा. 16 ओहमच्या स्पीकरला 11 ते 13 दिसायला हवेत. काहीच दिसलं नाही तर कॉइल तुटली आहे. वायर जोडायच्या पिनांवर हिरवा कळंक असेल तर तो साफ होतो, कोनावरची बुरशी मात्र कागद खाऊन जाते. कोनाची कड फोमची असेल तर नखाने टोचा, दमट हवेत ती पंधरा-वीस वर्षांत भुगा होते. कापडाच्या किंवा कागदाच्या चुण्यांची जुनी कड इथे टिकते. खोक्याची पाठ ठोका. प्लायवुडला वाळवी लागली असेल तर आवाजच सांगतो.

विकणाऱ्याने सेन्सिटिव्हिटी सांगितलीच, तर ती 1 वॅटवर की 2.83 व्होल्टवर, हे विचारा. 8 ओहमला दोन्ही एकच, पण 4 ओहमच्या स्पीकरला 2.83 व्होल्ट म्हणजे 2 वॅट, आणि 3 डेसिबल फुकट वाढवून छापता येतात. भोंग्याचा आकडाही थोडा फुगलेला असतो, कारण तो आवाज पसरू न देता समोर गोळा करतो. बाजूला बसलेल्याला तेवढे डेसिबल मिळत नाहीत. आणि अ‍ॅम्प्लिफायर जुना घेणार असाल तर आधी गाणं न लावता ऐका. 86 वाल्यावर जी सळसळ कधीच कळली नसती ती 104 वर 18 डेसिबलने वर येते.

दोनशे लिटरचे दोन खोके घरात मावत नसतील, किंवा घरातून परवानगी मिळत नसेल, तर 8 किंवा 10 इंची, हलक्या कागदी कोनाचा, 94-95 डेसिबलचा, जुन्या रेडिओग्राममधला (रेडिओ आणि तबकडीचं यंत्र एकत्र असलेल्या कपाटातला) स्पीकर बघा. शंभर लिटरच्या खोक्यात तो बसतो. 70 हर्ट्झच्या खाली फारसं काही मिळणार नाही, पण गळा, पेटी आणि तबल्याची चाटी ऐकायला 5 वॅटमध्ये पुरेसा आहे. पावसाळ्यात त्याच्यावर प्लास्टिक टाकू नका, आत ओल धरते. सुती चादर टाका आणि रोज तासभर वाजवा.