‘साभार’ म्हणजे परवानगी नव्हे

खानदेशातल्या कानबाई देवीच्या सणाचा रविवार जवळ आला की धुळे-जळगावकडच्या ग्रुपांवर नथ घातलेल्या नारळाची चित्रं फिरू लागतात, आणि सोबत तो जुना निरोपही: ‘खाली साभार लिहा, मग कुणाचंही चित्र खुशाल टाका, साइटवाले काढत नाहीत.’

श्रेय द्यावंसं वाटणं चांगलंच. पण श्रेय वेगळं, परवानगी वेगळी. कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे चित्र काढलं की हक्क आपोआप मिळतो. नोंदणी लागत नाही, कोपऱ्यात सहीसुद्धा नाही. चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं तो टिकतो. नाव लागण्याचा हक्क कलम 57 मध्ये, प्रती काढू देण्याचा कलम 14 मध्ये. एक पाळला तरी दुसरा उरतोच. म्हणून मूळ चित्रकारानं तक्रार केली, तर ‘साभार’ असूनही चित्र उतरवलं जाऊ शकतं.

तपासायला चित्र गूगल लेन्सवर टाका, मूळ पान बहुधा सापडतं. तिथे ‘सीसी बाय’ (नाव देऊन वापरू देणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा) परवाना असेल, तर नाव आणि परवान्याचा उल्लेख करून वापरता येतं (निरोप खरा ठरतो तो एवढ्यापुरताच). काहीच लिहिलं नसेल तर सरळ विचारा: ‘भाऊ, तुमनं चित्र आमना ग्रुपवर टाकू का?’