पोर्तुगीजमध्ये उद्याचं बोलायचं असेल तर

पोर्तुगीज शिकताना भविष्यकाळाचा धडा आला की पुस्तकात कांतारेइ, कांताराश, कांतारा असा तक्ता असतो, म्हणजे मी गाईन, तू गाशील, तो गाईल, आणि बरेच जण तोच आधी घोकत बसतात. माझं म्हणणं आहे की तो नंतर घ्या. लिस्बन असो नाहीतर साओ पावलो, रोजच्या बोलण्यात लोक ‘वो कांतार’ म्हणतात, ‘वो’ म्हणजे जातो आणि पुढे मूळ क्रियापद जसंच्या तसं. ‘इर’ म्हणजे जाणे, त्याची चार-पाच रूपं आली की सगळे प्लॅन सांगता येतात. आणि खुद्द कुठे जायचंच असेल तर पोर्तुगालमध्ये नुसतं ‘आमान्यां वो आउ पोर्तो’ म्हणतात, आपण नाही का ‘उद्या पुण्याला जातोय’ म्हणत, तसंच.

मग कांतारेइ आलं कुठून? जुन्या लॅटिनमध्ये ‘गाईल’ला कांताबित होतं आणि ‘गायला’ला कांतावित, पुढे ब आणि व चे उच्चार एकमेकांत मिसळले आणि दोन्ही ऐकायला सारखेच वाटायला लागले. लोकांनी दुसरी वाट धरली, कांतारे हाबेओ, म्हणजे जवळजवळ आपलं ‘मला गायचं आहे’. हे हाबेओ झिजत झिजत मागच्या शब्दाला चिकटलं आणि त्याचं ‘एइ’ उरलं. चिकटल्याची खूण अजून दिसते, पोर्तुगालच्या लिखित भाषेत ‘तुला देईन’ हे दार-ते-एइ असं लिहितात, ‘तुला’ थेट क्रियापदाच्या पोटात! बोलताना हे फार कमी ऐकू येतं, बातम्यांत, कायद्यात, औपचारिक पत्रांत भेटेल.

हा तक्ता बोलण्यात जिवंत आहे तो अंदाज करायला, आणि इथे मराठी माणसाला काही वेगळं शिकावंच लागत नाही. ‘के ओराश सेरांउ?’ म्हणजे किती वाजले असतील? वेळ आत्ताची, रूप भविष्याचं, आपल्या ‘असेल’सारखं अगदी.

खरी गंमत मात्र ‘जेव्हा’ आणि ‘जर’ला आहे. मी लिस्बनला गेलो की फोन करीन, ह्यातलं ‘गेलो की’ पोर्तुगीजमध्ये ‘क्वांदो एउ फोर’ होतं, ह्यासाठी त्यांच्याकडे भविष्याचं वेगळंच रूप आहे. स्पॅनिशमध्येही ते होतं पण आता कायद्याच्या भाषेत आणि म्हणींतच राहिलंय, पोर्तुगीजमध्ये मात्र लहान पोरंही सहज वापरतात. बनवायचं कसं, तर भूतकाळातलं ‘ते’चं रूप घ्यायचं आणि शेवटचं ‘आंउ’ काढून टाकायचं: फिझेरांउ (त्यांनी केलं) वरून फिझेर, तिव्हेरांउ (त्यांच्याकडे होतं) वरून तिव्हेर, फोरांउ (ते गेले) वरून फोर. म्हणजे होणाऱ्या गोष्टीसाठी मुळात भूतकाळाचंच रूप, आपल्या ‘गेलो की’ मध्ये पण तेच आहे ना! ‘शेगार’, म्हणजे पोचणे, अशा साध्या क्रियापदांना ‘मी’ आणि ‘तो’ची ही रूपं मूळ रूपासारखीच दिसतात त्यामुळे सुरुवातीला काही वेगळं चाललंय हे लक्षातच येत नाही, आणि मग फिझेर, तिव्हेर समोर आलं की अडखळायला होतं. म्हणून ‘से तिव्हेर तेंपो’, वेळ मिळाला तर, एवढं एक वाक्य पहिल्या आठवड्यातच तोंडात बसवा, प्लॅन ठरवताना ते सारखं लागतं.